सुजाताआत्याचा एकच प्रश्न

सुजाताआत्या घरात आली की चपला काढायच्या आधी विचारायची, "वहिनी, आज काय शिजलंय?" नव्या माणसाला वाटायचं, बाई उपाशी आली. आई लगबगीनं ताट वाढायची आणि आत्या दोन घास खाऊन ताट बाजूला सारायची. तिला खायचं नसायचं, जाणून घ्यायचं असायचं. वांग्यात कारळं घातलं का शेंगदाण्याचं कूट, ते कुणी कुटलं, मीठ जास्त झालं तेव्हा पहिल्यांदा कोण बोललं. एवढं विचारून होईपर्यंत मधल्या काळात आमच्या घरात झालेली सगळी भांडणं तिला कळलेली असायची. मी घेतलेला आणि बायकोपासून, म्हणजे वैशालीपासून, लपवलेला नवा फोन तिनं एकदा पिठल्याच्या वाटेनं शोधून काढला होता.

हाच तिचा धंदा होता. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नांदेडला शिकली, मग दिल्लीला गेली आणि तिथून एका मोठ्या इंग्रजी वृत्तसंस्थेची परदेशी वार्ताहर म्हणून जी बाहेर पडली ती साठीला टेकेपर्यंत फिरतच राहिली. ज्या देशातून लोक पळत सुटायचे, नेमकी तिथं हिची बदली व्हायची. आफ्रिका, अफगाणिस्तान, आणखी कुठं कुठं. त्यावर तिनं इंग्रजीत तीन जाडजूड पुस्तकं लिहिली. गोष्टींची नव्हेत, खऱ्या माणसांची, खऱ्या गावांची.

जळालेल्या गावात पोचलं की बाकीचे वार्ताहर विचारायचे, किती मेले, कुणी मारलं. आत्या एखाद्या बाईशेजारी मातीत फतकल मारून बसायची आणि दुभाष्याला सांगायची, "हिला विचार, त्या दिवशी घरात काय शिजलं होतं?" मी एकदा म्हणालो, हे कसलं विचारणं? तर म्हणाली, "काय झालं इचारलं न राजू, की माणूस पाठ केलेलं सांगतो. पोलिसाला सांगितलेलं, पुढाऱ्याला सांगितलेलं. काय शिजलं इचारलं की त्याला आधी चूल दिसती. मग चुलीपुढचं माणूस दिसतं. मग ते जरा वेळ बोलत न्हाई. त्याच्यानंतर जे बोलतं ते खरं."

इतकी वर्षं बाहेर काढूनही तिची बोली नांदेडचीच राहिली होती, तीही ती गेली त्या काळातली. मध्ये आम्ही टीव्ही बघून बघून पुणेरी झालो, ती झाली नाही. एकदा कुठल्याशा युद्धातून तिचा फोन आला. मागं धडाधड आवाज. "वहिनी, आज काय शिजलंय?" आई म्हणाली, "मेथी केली. तिकडं कुणाचं लग्न हाय का वो, फटाके वाजून राहिले?" आत्या म्हणाली, "हाव, लग्नच हाय. मेथीत लसूण किती घातला ते सांगा."

आता माझ्याविषयी. मी एका विमा कंपनीच्या नांदेड कचेरीत आहे. माझा परदेश म्हणजे तेलंगणातलं निजामाबाद, तेही साडूच्या घरभरणीला. आत्याचं पहिलं पुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून चाळिसाव्या पानापर्यंत वाचलं. पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. खूण अजून तिथंच आहे. पण घरात तिचं सगळ्यात जास्त वाचलेला मीच, म्हणून हे लिहिण्याची जबाबदारीही माझ्यावर आली.

सुट्टीवर आली की तिचे सत्कार व्हायचे. शाळा, वाचनालय, कुठलंतरी मंडळ. सूत्रसंचालक तिच्या पुस्तकांची नावं अडखळत वाचायचा, अध्यक्ष "आमच्या भगिनीनं नांदेडचं नाव सातासमुद्रापार नेलं" म्हणायचे, आणि ती बोलायला उठली की जेवणाची वेळ झालेली असायची. आमच्या घरात उशांपेक्षा शाली जास्त झाल्या. नारळांची चटणी करून करून आईला नारळाचा वीट आला. आत्या म्हणायची, "सत्कार म्हणजे काय रं? बोलत्या माणसाच्या अंगावर शाल टाकून त्याला गप बसवायचं. पोपटाच्या पिंजऱ्यावर फडकं टाकतात, तसं."

बाबा यातल्या एकाही सत्काराला गेले नाहीत. बहिणीवर जीव नव्हता असं नाही. पण बाबांचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांचं होतं: नजरेत येऊ नये. घराला रंग द्यायचा तर आधी शेजाऱ्याचा रंग बघायचा आणि त्याहून फिका द्यायचा. दाराला नावाची पाटी नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्या दिवशी निरोप समारंभ टाळण्यासाठी सकाळीच रजा टाकून अर्धापूरला केळी आणायला गेले. साहेब हार घेऊन वाट बघत बसले, आणि बाबा संध्याकाळी डझनभर केळी घेऊन घरी.

आणि पेढे. आमच्या घरात कुणी पास होवो, नोकरीला लागो, पेढे वाटायचे नाहीत. मी दहावीला बावन्न टक्क्यांनी निघालो तेव्हा पेढे आले नाहीत याचं मला नवल वाटलं नाही. मार्कच त्या लायकीचे नव्हते. फार तर बत्तासे चालले असते. पण आत्या कॉलेजात पहिली आली तेव्हाही आले नव्हते, असं आई सांगायची. पुढं तिला बाहेरच्या देशात मोठा पुरस्कार मिळाला, नांदेडच्या पेपरात फोटो आला आणि गल्लीतले लोक "पेढे कुठं हायेत?" करत दारात आले, तर बाबांनी आतल्या खोलीत जाऊन मला हळूच सांगितलं, "सांग, घरी न्हाईत म्हणून." मी बाहेर जाऊन तसं सांगितलं आणि त्याच वेळी बाबा आत शिंकले. लोक हसत परत गेले. बाबा हसले नाहीत. त्यांनी उठून आधी दाराला कडी घातली.

निवृत्त झाल्यावर आत्या नांदेडला आली आणि आमच्या माडीवरच्या खोलीत राहिली. तिला चौथं पुस्तक लिहायचं होतं. ते आमच्यावर होतं.

आम्ही मूळचे नांदेडचे नाही. आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं का पलीकडं, तेही मी लिहीत नाही. एवढं लिहिलं हेच बाबांच्या मते फार झालं. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला. बाबा शाळकरी वयाचे होते आणि आत्या पाच-सहा वर्षांची, तेव्हा एका संध्याकाळी गावातल्या लोकांनी येऊन आमची वस्ती पेटवली. तिथून उठून आमची माणसं नांदेडला आली. आम्हा पोरांना एवढंच माहीत; तेही आईनं दबक्या आवाजात सांगितलेलं. का पेटवली, ते आईलाही माहीत नव्हतं. ते फक्त बाबांना माहीत होतं, कारण आजी-आजोबा कधीच गेले होते आणि वस्तीतले बाकीचे लोक पांगले होते.

आत्याला त्यातलं आठवत होतं ते इतकंच: "मी दादाच्या खांद्यावर होते. दादाचं डोकं धरून. दादा पुढं चालून राहिला होता अन मी मागं बघून राहिले होते. दिवस बुडला होता, अन मागं उजेड होता."

तिनं जुने पेपर शोधले. एक ओळ सापडली नाही. म्हणाली, "कशी सापडंल? मेलं कुणीच न्हवतं. आमच्या धंद्यात माणूस मेला तर चार ओळी. जगला तर त्याचं त्यानं बघायचं." मग तिनं आयुष्यभर जिथं-तिथं विचारलेला प्रश्न बाबांना विचारला. सकाळचा चहा चालू होता.

"दादा, त्या दिवशी घरात काय शिजलं होतं?"

"काहीच शिजलं नव्हतं."

"काहीतरी शिजलं असंल की."

"म्हणलं न, काहीच न्हाई."

"दादा, आफ्रिकेत ज्याचे हात तोडले त्या माणसानं मला सांगितलं. तू सांगत न्हाईस."

"मग त्याचंच लिही. माझे हात हायेत." बाबांनी कप विसळला आणि उपडा घातला.

हे पुढं नेहमीचं झालं. ती रोज विचारायची असं नाही, पण घरात प्रश्न फिरत असायचा, मांजरासारखा. ती शिकलेली बाई. किती वेळ गप बसलं की माणूस बोलतो हे तिला ठाऊक होतं. पण गप बसण्यात बाबा तिच्यापेक्षा मुरलेले होते. एकदा मात्र त्यांचा आवाज चढला. "साऱ्या जगाची राख चाळलीस, पोट न्हाई भरलं? आता घरची काढून राहिलीस? राजूची पोरगी हाय लग्नाच्या वयाला येऊन राहिलेली. कॉलनीत लोक आपल्याला इथलेच समजतेत. समजू दे की."

आत्या शांतपणे म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात शिरताना मला कुणी परवानगी दिली होती, दादा? त्यांच्याही पोरी लग्नाच्या होत्या. लोकांची दुःखं इकून मी पगार खाल्ला. आपलं तेवढं झाकून ठिवलं तर मी कोण? चोरच की."

मधे पडायचा मान अर्थात मला मिळाला. मी म्हणालो, "आत्या, बाबांचं बीपी." वैशाली म्हणाली, "आत्या, आमच्या श्रावस्तीचं बारावीचं वर्ष आहे." आत्यानं आमच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी जिव्हारी लागणारं बोलणार. पण ती एवढंच म्हणाली, "हाव. कुठंबी गेलं तरी घरात कुणाची तरी बारावी असतीच."

शेवटी ती लातूरला गेली. तिथं खोली घेतली आणि तिथून गावाला जाऊन आली. एके दुपारी मी कचेरीत एका जळालेल्या दुकानाचा दावा तपासत बसलो होतो, तेव्हा तिचा फोन आला. हसत होती, पण ते हसू ऐकवत नव्हतं.

"राजू, मला गावानं लेक केलं रे."

"म्हणजे?"

"सत्कार! बोर्ड लावला भलामोठा, 'आमची गावकन्या'. सरपंच तुझ्या वयाचा, लई आदबशीर पोरगा. शाल, श्रीफळ, सारं. मी त्याला इचारलं, माझं घर कुठं होतं ते दाखव. तर म्हणला, 'ताई, तुमचं घर म्हणजे सारं गावच की!' "

"मग?"

"मग काय? म्हाताऱ्या माणसांना इचारलं, त्या दिवशी काय झालं होतं. म्हणले, इथं कधी काही झालंच न्हाई, सारे गुण्यागोविंदानं राहत होते. म्हणलं, मग आम्ही गेलो कशाला? तर म्हणले, 'शिक्षणासाठी गेले तुमचे वडील. लई हुशार घराणं.' " ती परत हसली. "फिरले तितक्या मुलुखात मारणाऱ्यांनी मला शिव्या दिल्या, धमक्या दिल्या. शाल पहिल्यांदाच दिली."

तिनं सत्काराचा फोटो पाठवला. संध्याकाळी मी तो बाबांना दाखवला. फोनला हात लावायला घाबरणाऱ्या बाबांनी दोन बोटांनी तो फोटो मोठा केला. आत्याचा शालीतला चेहरा कडेला सरकत सरकत नाहीसा झाला आणि पडद्यावर मागचं कडुलिंबाचं झाड उरलं. बाबा त्याच्याकडं बघत राहिले.

"लिंब," ते म्हणाले.

"काय लिंबाचं?"

"काही न्हाई. मोठं झालंय." फोन परत दिला. "चांगला केला सत्कार." त्या दिवशी ते जेवले नाहीत, पोट ठीक नाही म्हणाले.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. लातूरच्या घरमालकाचा फोन आला, आत्या खोलीत पडलेली सापडली. मेंदूत रक्तस्राव. मी आणि बाबा पोचलो तेव्हा ती नळ्यांमध्ये होती आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, आम्ही ग्राहकाचा दावा नाकारताना वापरतो तशा मऊ आवाजात, आशा नाही असं सांगितलं. दुपारी भेटायची वेळ होती. बाबा स्टुलावर बसले. बराच वेळ तिच्या हाताकडं बघत होते. मग तिच्या कानाशी वाकले.

"सुजे, मी खोटं बोललो न्हाई. त्या दिवशी काहीच शिजलं नव्हतं. चूलच पेटली नव्हती. दुरडीत उरलेल्या पुरणपोळ्या होत्या. माझ्या पास व्हायच्या."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. बाबांना इतकं सलग बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मॅट्रिकला बाबा पहिले आले होते. वस्तीत नव्हे, साऱ्या गावात. गावच्या मोठ्या घरातला मुलगा त्याच वर्षी नापास झाला. आजीनं पुरण घातलं. आजोबांना आनंद आवरेना. "बाप लातूरला गेला अन पेढे आणले. साऱ्या गावात वाटू म्हणला. मी म्हणलो, नको बा, आपल्या आपल्यात वाटू. तर म्हणला, माझ्या पोराचे पेढे लपवून कशाला वाटू, चोरलेत काय? मोठ्या घरालाबी देऊन आला. घेतले सुजे त्यांनी. हसून घेतले. तिसऱ्या दिवशी आले."

बाबांनी तिच्या कपाळावरचा केस बाजूला केला.

"माय वरडली, दुरडी घे. मी दुरडी न्हाई घेतली, तुला घेतलं. आपल्या मागं घर जळून राहिलं होतं अन गुळाचा वास येत होता. पोळ्या जळल्या न, त्याचा. तुला नसंल आठवत. लई गोड वास होता. अन तुझा सत्कार केला न परवा, त्या लिंबाखाली? ते आपलं अंगण. तुला खुर्ची मांडली होती न, तिथं आपली चूल होती."

नर्स आली. मुलगी चांगली होती. तिनं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, वेळ संपली. आणि पेशंटला ऐकू येत नाहीये हो."

"माहीत हाय," बाबा म्हणाले. "म्हणून तर सांगून राहिलो."

आत्या दुसऱ्या दिवशी गेली. बाहेरच्या पेपरांत तिच्यावर मोठमोठे लेख आले म्हणतात. चाळिसाव्या पानाच्या पुढची ती इंग्रजी, मी कौतुकानं नुसते फोटो बघितले. गावानं फोनवर बोर्ड पाठवला, 'गावकन्येस भावपूर्ण श्रद्धांजली', खाली सरपंचासकट सगळ्यांचे हसरे फोटो. नांदेडच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिथं एका स्थानिक पेपरचा तरुण वार्ताहर आला होता. त्यानं बाबांना विचारलं, "काका, मॅडमचं मूळ गाव कोणतं?"

"नांदेडच," बाबा म्हणाले.

"लहानपणीची काही आठवण?"

"हुशार होती."

पोरगा बिचारा वाट बघत थांबला. आणखी काही येत नाही असं दिसल्यावर आभार मानून गेला. आत्या असती तर तिनं त्याला सांगितलं असतं, काय विचारायचं ते.

चौथ्या पुस्तकाचं एकही पान झालं नव्हतं. ते पुस्तक आता माझ्या कानात आहे आणि माझं लिखाण म्हणजे दाव्यांवरचे शेरे. आमच्याकडं आगीचा दावा आला की पहिला प्रश्न असतो, आग कशामुळं लागली? लोक लिहितात, तार, दिवा, चुलीतला निखारा. 'पेढे' असं कुणी लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. आलाच तसा अर्ज, तर नियमाप्रमाणं तो मलाच नाकारावा लागेल.

गेल्या उन्हाळ्यात श्रावस्ती बारावीला कॉलेजात पहिली आली. मी कचेरीतून येताना हलवायाच्या दुकानापुढं गाडी थांबवली. दोनदा पुढं गेलो, दोनदा मागं आलो आणि अर्धा किलो पेढे घेतले. गल्लीत शिरलो तर शेजारचे काका ओट्यावर बसलेले. "काय राजूभाऊ, डबा कसला? काय विशेष?" माणूस साधा, सहज विचारलेलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नाही काका. बाबांची औषधं."

घरात आलो. डबा टेबलावर ठेवला. बाबांनी झाकण उघडलं आणि आत बघत राहिले. मला वाटलं, आता परत पाठवतात. पण त्यांनी एक पेढा उचलला, श्रावस्तीला जवळ बोलावलं आणि तो तिच्या तोंडापाशी नेला. मग हात तिथंच थांबला.

"आधी दार लावून घे."

"का, आजोबा?" श्रावस्तीनं विचारलं.

बाबा दाराकडं बघत होते. तिनं माझ्याकडं बघितलं. बाहेर काका कुणाशी तरी हसत बोलत होते, ते ऐकू येत होतं. मी उठलो आणि कडी घातली. मग बाबांनी तिला पेढा भरवला, आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ले.